शिकवणारीचं नाव : नागुबाई

सोमवार, २० नोव्हेंबर २०२३. देगलूर

पोचले एकदाची. चाकूरहून सकाळी निघाले, उदगीरला गाडी बदलली आन् देगलूरच्या स्टँडवर उतरले तवा साडी इतकी चुरगळली होती की कंडक्टर म्हणला, मावशी, बसमधी बसून आल्या का बसखाली? मी म्हणले, खालीच होते बाबा, वर तूच पाय पसरून बसला होतास. अख्खी गाडी हसली. दिवस चांगला उगवला म्हणायचा.

ही वही विशाखानं दिली. विशाखा म्हंजे माझी लेक, एकुलती एक. नांदेडला क्लासमधी पोरांना शास्त्र शिकवती. ती म्हणली, आई, तू फोनवर दीड दीड तास बोलतीस, त्यातलं अर्धं वहीत लिहीत जा, तेवढाच माझा कान वाचंल. मी सातवी शिकलेली, पण आमच्या कवठाळीच्या शाळेत गुरुजींनी अक्षर घोटून घेतलंय. बोलते तशीच लिहिते.

घर धान्याच्या मोंढ्याच्या मागं हाय. दोन मजली, पोपटी रंगाचं. मालक शंकरप्पा, जिंदगीभर शाळा तपासत फिरले, आता रिटायर. माझ्याकडं बी तसंच बगितलं, फळ्यावर चूक शोधल्यावानी. आडनाव तीन वेळा इचारलं, गाव दोन वेळा, मंग माझा कप येगळा निघाला. तो खिडकीत पालथा ठेवायचा. स्वयंपाकघरात पाय टाकायचा न्हाई, तिथं लक्ष्मम्मा असती, तिची बोली निम्मी तेलुगू. मी हाव म्हणले. ते आंघुळीला गेले तवा त्यांच्याच कपात च्या प्याले, धुतला, होता तसा ठेवला. लक्ष्मम्मानं बगितलं आन् पदर तोंडात कोंबून हसली.

माझं काम सिंधुबाईचं. ह्या शंकरप्पांच्या बायको. दोन वर्षांमागं लकवा मारला. हातपाय सुधारले, वाचा गेली. शिकलेली बाई, कपाळाला इभूत, गळ्यात लिंग, आन् तोंडातून निघतेत ते तीसएक शब्द सगळे मुसलमानी वळणाचे. नक्को मां. पानी लाव, म्हंजे पाणी आण. मला लई हसू आलं. लक्ष्मम्माला आलं न्हाई.

त्यांची वेणीफणी करायची आन् दिवसातून दोन वेळा कॉम्प्युटरवर शब्द शिकवायचे, सकाळी धाला आन् चारला. शंकरप्पा म्हणले, न थकणारी बाई पाहिजे. मी म्हणले, मंग तुम्ही बरोबर दुकानात आलाव. आमच्या कवठाळीत कुणाचं बारसं असो, कुणाची बाळंतीण असो, नागुबाईला नेतेतच. कामाला न्हाई, बोलायला. माझे मालक, विशाखाचे वडील, जाऊन नऊ वर्षं झाली, शेत न्हवतंच, त्यांच्यामागं मी ह्या बोलण्यावरच जगले. हे काढून घेतलं तर माझ्यात नुसती हाडं उरतील.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

आज मास्तरीण झाले.

कॉम्प्युटर बगून आधी वाटलं, ही लोखंडी पेटीच हाय. पडदा पुढून काचेचा, मागून पोट सुटलेलं. खाली दुसरा डबा, तो चालू केला की पिठाच्या गिरणीवानी घरघरतो. मी म्हणले, ह्याला बी लकवा मारला का? शंकरप्पा हसले न्हाईत. म्हणले, ही सीडी नव्या कॉम्प्युटरवर चालत न्हाई, फोनवर न्हाई, म्हणून हाच जपून ठेवलाय. आता बिघडला होता म्हणून सगळं पुसून कोरा केलाय, सीडी नव्यानं घालायची. त्यांचा हात थरथरतो, म्हणून ते कागदावरून वाचत गेले आन् बटनं मी दाबली.

सीडीच्या डबीवर हसणारी पोरगी, राघू आन् सूर्य. नाव ‘बोला आणि बोलवा’. सीडी ठेवायचा कप्पाच उघडंना. शंकरप्पा म्हणले, तिथं बारीक भोक हाय, त्यात आकडा घाल. केसाचा आकडा सरळ करून खुपसला तसा कप्पा जीभ काढल्यावानी बाहेर आला. सीडी ठेवली तर पडद्यावर आलं, सीडी सापडत नाही. काढून पदरानं पुसली, तवर ते खेकसले, ताट पुसल्यावानी गोल पुसू नको, मधून बाहेर पूस. मंग रंग कमी करायला सांगितले, दोनशे छप्पन, न्हाई तर चित्रं काळी येतेत म्हणं. मंग एक निळी पट्टी भरायला लागली, ती त्रेसष्टावर येऊन जी बसली ती हलंना. मी म्हणले, चल ग बाई, बाळंतीण बी इतकी अडत न्हाई. तशी सरकली.

आवाजाच्या वायरी मी उलट्या खोचल्या, म्हणून आधी मुकीच. लाल भोकातली काढून हिरव्यात घातली आन् एक बाई एकदम नमस्कार म्हणली, मी दचकून खुर्चीवरून खाली. सिंधुबाई उचकी लागेस्तोवर हसल्या.

मंग पडद्यावर आलं, शिकणाऱ्याचं नाव. सिंधु असं घातलं. शिकवणाऱ्याचं नाव. एका बोटानं अक्षरं शोधून शोधून नागुबाई. मंग म्हणती, आपल्या आवाजात नाव सांगा. दांडीवानी माईक होता. आता बाईला नाव सांग म्हणलं तर नुसतं नाव सांगणं आमच्यात बरं दिसत न्हाई. मालक असताना कधी चुकून त्यांचं नाव घेतलं न्हाई, घेतलं ते उखाण्यातच. मी दांडी तोंडाशी धरली आन् घेतला.

*कवठाळीच्या पांदीत चिखल झाला लई,*
*रामकिशन ओढती गाडी, बैल म्हणती न्हाई!*

शंकरप्पा म्हणले, नुसतं नाव सांगायला म्हणलं होतं. मी म्हणले, आता गेलं आत, ऱ्हाऊ द्या.

ह्यात वीस धडे हायेत. एका धड्यात पंधरा शब्द, म्हंजे तीनशे. ते शिकवणारीनं आपल्या आवाजात भरायचे, मंग शिकणाऱ्याला तोच आवाज ऐकू येतो. शंकरप्पा म्हणले, रोज एक धडा भरला तरी चालंल, आधीच्या बाईनं दोनच भरले आन् गेली. मला म्हणायचं, आन् दोन? दिवस मावळायच्या आत सगळे तीनशे भरून टाकले. घसा कोरडा पडला तवा शंकरप्पांनी स्वतःच्या हातानं पाणी आणून दिलं. त्यांच्या गिलासात. म्हणले, आजवर कुणी सगळे भरले न्हवते.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

पहिला धडा स्वयंपाकघराचा. चित्र येतं, माझा आवाज शब्द सांगतो, सिंधुबाईनं दांडीत तोच म्हणायचा. बरोबर आला की घंटी वाजती आन् राघू पंख फडफडवतो. सकाळी नुसतं थूथू. मी म्हणले, अवो बाई, मिठाला कामून थुंकता, भाजी अळणी होईल की. चारच्या टायमाला बोलल्या! मीठ. मंग विळी. मंग पळी. राघू नाचला, मी बी नाचले. लक्ष्मम्मा आतून बगून राहिली, तिचं तोंड उतरलं. मी म्हणले, तुला बी शिकवते, रडू नको.

रात्री झोपताना मलाच अभिमान वाटला. मुकीला बोलती केली.

शनिवार, २५ नोव्हेंबर

गंमत झाली. जेवताना वरणात ते न्हवतं. ते. पांढरं, चिमटीनं घालतेत, नसलं तर अळणी लागतं. लक्ष्मम्माला मागायला तोंड उघडलं आन् शब्दच येईना. मी चिमूट दाखवली तर ती साखर घेऊन आली. लई हसले. म्हणले, बगा, म्हातारी झाले, आता विशाखा मला शिकवंल.

पण मंग परवाचं पान काढलं. तिथं मीच लिहिलंय, माझंच अक्षर. वाचता येतंय. दोन अक्षरं हायेत. म्हणून बगितलं. भिंतीवरचा डाग वाचावा तसं. त्यातून कायबी निघत न्हाई.

पायाखाली धरून भाजी चिरायची वस्तू, तिचं बी तसंच.

सोमवार, २७ नोव्हेंबर

दुसरा धडा चेहऱ्याचा झाला. सिंधुबाई घडाघडा बोलल्या, पंधराच्या पंधरा. आता त्यांच्या बोलण्यातलं मुसलमानी वळण गेलं. नवऱ्याला म्हणल्या, लई भूक लागली बगा. लई. बगा. शिकलेली देगलूरची बाई. शंकरप्पांनी माझ्याकडं बगितलं, खूश न्हवते, नाराज बी न्हवते. कपडा चांगला बसला पण रंग पसंत न्हाई, तसं.

मी आरशाम्होरं उभी राहिले. बगायचे दोन हायेत. ऐकायचे दोन हायेत. मधी वास घ्यायचं. तोंडात ते लाल मांस, ज्याच्यावर माझी सारी जिंदगी चालली. सगळी जागेवर हायेत. नाव एकाचंबी येत न्हाई.

मी येडी न्हाई. सरळ सरळ लिहिते. ती एक शब्द बोलली, घंटी वाजली, की माझा तो शब्द जातो.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

लक्ष्मम्मा भांडी घासताना बोलली, निम्मं तेलुगूत, निम्मं हातानं. आधीची बाई सालेहा, धर्माबादची. बांगड्या भरायची, गोड गळ्याची. तिनं दोन धडे भरले. जाताना तिला प्यायला मागता येईना, बोटानं माठ दाखवायची. तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. मी म्हणले, मला आधी कामून सांगितलं न्हाईस? ती म्हणली, तू ऐकून घेत होतीस का? तूच बोलत होतीस.

खरं हाय.

शंकरप्पांना तोंडावर इचारलं. त्यांनी नाकारलं न्हाई. पेपराची घडी घातली आन् म्हणले, माझी बायको पंचवीस वर्षं शाळेत बोलली, तिला शब्द लागतेत. तुला काय करायचेत? भांडी घासायला, वेणी घालायला शब्द लागत न्हाईत. तुम्हा लोकांना बोलायलाच लई लागतं.

मी म्हणले, मी आजपासून त्या खुर्चीवर बसत न्हाई. ते म्हणले, नको बसू. तुझा आवाज आत हाय.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

मी खोलीत जात न्हाई तरी धडा चालतो. बाहेरून माझाच आवाज ऐकू येतो, आनंदानं एकेक शब्द सांगणारा. मागून ती. मंग घंटी. आज घराचा धडा झाला. खोलीला आतून ते लावून घेतेत, पितळी, किल्लीचं. मी वायर उपटायला गेले, माझं मनगट पिरगळलं. म्हातारा थरथरतो पण पकड लोखंडाची हाय.

आधार कार्ड मागितलं. पोलिसात नोंदवायला घेतलं होतं, ते देईनात.

चारला आतून उखाणा आला. तिच्या गळ्यातून, माझ्या ठेक्यात. शेवटाला ती हसली बी माझ्यावानी. मंग घंटी.

मी वही उघडून बसले. माझ्या मालकाचा चेहरा येतो. मिशी येती. खोकला येतो. बैलगाडी चिखलात रुतली होती ती येती. नाव येत न्हाई. इतकी वर्षं मी ते घेतलं न्हाई, जपून ठेवलं, आन् त्या बाईच्या तोंडात गेलं. उखाण्याच्या पानावर लिहिलंय ते. बोट ठेवून वाचलं. कुणाचं बी नाव वाटतं.

माझ्या गावाचं बी गेलं.

शनिवार, २ डिसेंबर

पळाले. सकाळी जायच्या-यायच्या गोष्टींचा धडा झाला होता, तरी दुपारी ती झोपली तवा निघाले. जिथं लाल मोठ्या, चाकांच्या, उभ्या राहतेत तिथं गेले. सगळीकडं तेलुगू, कन्नड, मराठी. पाट्या वाचल्या. एकबी माझी वाटंना, सगळ्याच माझ्या वाटल्या. खाकीवाला म्हणला, कुठं जायचं मावशी? मी म्हणले, माझ्या गावाला. तो म्हणला, त्याला नाव असंल की. मी म्हणले, हाय, पण त्या बाईपाशी हाय. तो हसला, दुसऱ्याला डोळा मारल्यावानी केलं... बगायचं एक मिटलं. म्हणला, मावशी, उतरल्यावर ये. मी पिले न्हाई रे म्हणले. लोकं जमले. बारा दिवसांमागं हितंच मी अख्खी गाडी हसवली होती. आज बी हसले सगळे.

वर एक शब्द बगा कसा लिहिला गेला. दोन अक्षरी, आन् दुसरा शब्द, चाकांचा. हातानं सवयीनं लिहिले. मी वाचले तर मला कळंना.

लक्ष्मम्मा शोधत आली. हाताला धरून परत आणलं. मला दुसरीकडची वाट ठावं न्हवती.

सोमवार, ४ डिसेंबर

विशाखाचा फोन. मी म्हणले, ती घेती माझे... ती रोज पंधरा... राघू... विशाखा म्हणली काय बोलतीस? मी म्हणले, मला ने. ती म्हणली, आवाज तुटतोय.

सिंधुनं फोन हिसकला. आन् बोलायला लागली. माझ्या आवाजात न्हाई, तिचा आवाज जाड हाय. पण बाकी सगळं माझं. ग बाई, रेंज न्हाई हितं, माझा घसा बी बसलाय बोलून बोलून, तू जेवलीस का, का पोरांना शिकवून पोट भरलं? तिकडून विशाखा हसली. मला ऐकू आलं. ती माझ्या लेकीला हसवून राहिली माझ्याच बोलण्यानं, आन् मी म्होरं उभी.

फोन ठेवला. मला म्हणली, काय नागुबाई, वरणात काय कमी हाय? सांगा की. सांगा.

बुधवार, ६ डिसेंबर

आजचा दिवस. दरवर्षी मी आन् विशाखा नांदेडला पुतळ्यापाशी जातो. हितंच मेणबत्ती लावली. भीत भीत त्रिसरण म्हणायला लागले. आलं. सगळं आलं, पंचशील बी. पाठ केलेलं त्यांना घेता आलं न्हाई, मी ते दांडीत म्हणलेच न्हवते. लई रडले.

शंकरप्पा ओरडत आला, माझ्या घरात हे चालायचं न्हाई. तर सिंधु म्हणली, म्हणू द्या की, तुमचं काय झिजतंय? पहिलाच कप तिनं तुमचा वापरलाय, लक्ष्मम्मानं सांगितलं मला. आन् खो खो हसली. म्हातारा बायकोकडं बगत राहिला. भ्याला. त्याला शब्द पाहिजे होते. मी नको होते.

शुक्रवार, ८ डिसेंबर

अठरा झाले. काल रोजच्या हाकांचा झाला. कुणाला जवळ बोलवायचं, कसं? हात हलवते.

लिहायला शोधावं लागतं. एक वाक्य, मंग बसून राहणं.

उद्या माणसांचा हाय. नात्यांचा. मी — विशाखाचं नाव दांडीत म्हणले न्हवते. ते राहील. बाकी —

शनिवार, ९ डिसेंबर

घंटी. पंधरा वेळा.

विशाखा माझी — मी तिची —

कोण?

रविवार, १० डिसेंबर

विशाखा आली! सहा तारखेला फोन केला न्हाई म्हणून शंका आली तिला. मला बगून रडली. एक आवाज सारखा देती मला, दोन अक्षरी. मला कळत न्हाई. पण मलाच देती.

शंकरप्पा लई गोड झाला. म्हणला, लकवा. सिंधुला बी हाच झाला होता. विशाखानं दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो काढला. चांगला हाय म्हणले. बोलायचा सराव करा म्हणले.

शंकरप्पा म्हणला, हा कॉम्प्युटर तुम्हीच न्या. आमचं काम झालं.

मी नको नको केलं. हातानं, मानेनं. विशाखानं त्याचे पाय धरले.

सोमवार, ११ डिसेंबर. नांदेड

टेम्पोत आणला. विशाखाच्या खोलीत मांडला. भर उजेड, खाली पोरं खेळून राहिलेत.

मी वही दिली तिला. सगळी वाचली तिनं. पहिल्या पानावर हसली, मंग रडली, मंग मला जवळ घेतलं. म्हणली, डॉक्टर बोलले होते, आजाऱ्याला वाटतं आपलं कुणी घेऊन गेलं. मी हात जोडले. म्हणली, आन् खरंच तसं असलं तर घे की माझे. माझ्याकडं लई हायेत.

शिकवणाऱ्याचं नाव, विशाखा.

सगळे तीनशे भरले तिनं. एका दमात. म्हणली, बग, तुझीच हाय मी.

मंगळवार, १२ डिसेंबर

आधी हाकांचा लावला तिनं. रोज लागतेत म्हणून.

मी तोंड गच्च. तिनं गाल ओढले, गुदगुल्या केल्या, माझ्यावानीच चिडवलं. म्हण की ग. हसू आलं मला. हसताना निसटला.

ये.

घंटी. आला. लख्ख आला. इतकं बरं वाटलं, तान्हेल्याला प्यायला —

चारला क्लासची पोरं जिन्यात उभी. ती दारात. तोंड उघडलं तिनं. हात हलवत राहिली. नुसता हात.

बुधवार, १३ डिसेंबर

सकाळी. वही मांडीवर. ती शेजारी. पडद्यावर हाताचा पंजा, आडवा धरलेला. तिला हे बंद करायला सांगायचं तर हाच पाहिजे. माझ्यापाशी न्हाई. एकच घेते. मंग एकबी न्हाई.

थांब.

घंटी.

म्हणले तिला. थांब. विशाखा, थांब. थांब थांब थांब —

लई खूश झाली. टाळ्या वाजवल्या. मंग म्हणली, छान वाटतो ग हा, पण त्याचा अर्थ काय?

हात धरला तिचा. सोडवला. येगळा धडा लावला. माणसांचा.

पहिलं चित्र. बाई, कडेवर पोर. तिचा आवाज आला डब्यातून. तोच, दोन अक्षरी, ती मला देती तो. म्हणला तर कळंल मी तिची कोण. म्हणला तर ती मला परत कधी —

गाल धरलेत माझे. हसून राहिली. म्हण की. म्हण की ग. मी तोंड मिटून —

गुदगुल्या —